सहा तास कुणासमोर?

परदेशात जाऊन इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण घ्यावं का, या एकाच विषयावर या वेळी इतकी पत्रं आली आहेत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी वेंगुर्ल्याची. चौदा वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्यावर २०१४ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, नोकरी सोडून व्हिएतनामला हो ची मिन्ह सिटीत हे प्रशिक्षण घेतलं. पुढे अडीच वर्षं तिथेच शिकवलं आणि मग घरी परतले. आता संध्याकाळी होमस्टे चालवणाऱ्या मुलामुलींचा इंग्रजीचा वर्ग घेते.

देवगड तालुक्यातून एक शिक्षिका लिहिते : ताई, मी २६ वर्षांची. बी.ए. इंग्रजी, बी.एड. तीन वर्षं इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आहे, हातात नऊ हजार पडतात. मुंबईच्या एका एजंटाने १२० तासांचं ऑनलाइन ‘टीईएफएल’ सर्टिफिकेट आणि थायलंडमध्ये नोकरी, असं मिळून अडीच लाखांचं पॅकेज सांगितलंय. बाबा काजूची बाग गहाण टाकायला निघालेत. आई म्हणते, मराठी शाळेत शिकलेल्या पोरीकडून परदेशात इंग्रजी कोण शिकणार? मी काय करू?

तू माझ्या भाचीच्या वयाची, म्हणून अगं-तुगं करते. आधी बागेचं. बाग गहाण टाकू नका. हा निरोप बाबांना आजच दे, बाकीचं पत्र सावकाश वाच.

‘टीईएफएल’ हे कुठल्या विद्यापीठाचं किंवा मंडळाचं नाव नाही. इंग्रजी ज्यांची भाषा नाही त्यांना ती परकी भाषा म्हणून शिकवणं, एवढाच त्या अक्षरांचा अर्थ. ती कागदावर कुणीही छापू शकतं. मग हा १२० चा आकडा येतो कुठून? केंब्रिजचं ‘सेल्टा’ नावाचं प्रमाणपत्र या क्षेत्रात सगळीकडे ओळखलं जातं. त्यात शिक्षकांसोबतचे तास किमान १२० असतात. स्वस्त ऑनलाइन कोर्सवाल्यांनी तो आकडा तेवढा उचलला, आणि ज्यामुळे त्या १२० तासांना किंमत आहे ती गोष्ट बऱ्याच जणांनी सोडून दिली.

ती गोष्ट म्हणजे सहा तास. सेल्टात तुला खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं, तेही निदान दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या वर्गांना, आणि मागे बसलेला प्रशिक्षक प्रत्येक पाठ तपासतो. शिवाय सहा तास अनुभवी शिक्षकांचे वर्ग नुसते बघायचे. चार लेखी कामं असतात. शेवटी परीक्षा नसते, रोजच्या कामावरच निकाल लागतो. ट्रिनिटी कॉलेज लंडनचं सर्ट-टेसॉल हे प्रमाणपत्र याच तोडीचं आहे. त्यात तर तुला एका अगदी अनोळखी भाषेचे धडे घ्यायला लावतात. कोऱ्या पाटीने वर्गात बसणाऱ्याला काय वाटतं ते शिक्षकाला आपल्या अंगावर कळावं म्हणून. मला ती कल्पना फार मोलाची वाटते.

तेव्हा एजंटाला एकच विचार : सहा तास मी कुणासमोर शिकवणार? उत्तर ‘कुणासमोर नाही’ असं असेल, तर तू पुस्तक वाचण्याचे पैसे देते आहेस.

हे मी इतकं का धरून बसले आहे, ते सांगते. माझा पहिला पाठ चाळीस मिनिटांचा होता. समोर बारा जण होते. त्यांत बँकेत काम करणारी एक मुलगी, रात्रपाळी करून आलेली परिचारिका, मोटारसायकलवर भाडी मारणारा एक माझ्याच वयाचा माणूस. असे विद्यार्थी नाममात्र पैशांत शिकायला मिळतं म्हणून येतात आणि नवशिक्या शिक्षकांना सांभाळून घेतात. मला ‘यूज्ड टू’ शिकवायचं होतं. पूर्वी मी असं करायचे, आता करत नाही, एवढंच. चौदा वर्षांचा अनुभव होता, हात थरथरत नव्हते. मी छान फळा भरला, उदाहरणं दिली, नियम सांगितला, शेवटी ‘समजलं का?’ विचारलं. बाराही जणांनी मान डोलावली. मी समाधानाने खाली बसले.

प्रशिक्षिका मागे घड्याळ लावून बसली होती. तिने माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. तुझा आवाज २९ मिनिटं, बारा जणांचा मिळून ६, उरलेला वेळ वहीत लिहिणं. सहाला बाराने भाग, म्हणजे एकेकाच्या वाट्याला अर्धं मिनिट. रात्रपाळी करून आलेल्या त्या बाईला मी अर्धं मिनिट बोलू दिलं होतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. चौदा वर्षं वेंगुर्ल्याच्या मुलांना मी किती मिनिटं बोलू दिली असतील, याचा हिशेब मनात चालू राहिला. आजही तो मला पूर्ण करवत नाही.

दुसऱ्या दिवशीपासून ‘समजलं का?’ हा प्रश्न बंद. त्याच्या जागी काय विचारायचं ते शिकवलं गेलं. समज वाक्य आहे, ‘तो पूर्वी बाजारात काम करायचा.’ मग विचारायचं : आता करतो का? नाही. एकदाच केलं की बरेच दिवस? बरेच दिवस. या दोन छोट्या उत्तरांत कळतं की अर्थ पोचला की नाही. असे प्रश्न ऐनवेळी सुचत नाहीत, आदल्या रात्री लिहून काढावे लागतात. सकाळी प्रशिक्षकांचे तास, दुपारी आमचे पाठ, मग सगळ्यांनी मिळून प्रत्येक पाठाची चिरफाड, आणि रात्री दुसऱ्या दिवसाचं टाचण. टाचणात प्रत्येक टप्प्याची मिनिटं, कोण कुणाशी बोलणार, विद्यार्थी कुठे अडखळतील आणि अडखळले तर काय करायचं, हे सगळं लिहायचं. कोर्सचे चार आठवडे मी त्या शहरात होते, पण खोली, वर्ग आणि कोपऱ्यावरची सूपवाली यांपलीकडे शहर पाहिलं नाही. हवा मात्र आपलीच, चिकट, नारळ-केळीची. तिसऱ्या आठवड्यात पावसाची पहिली मोठी सर आली तेव्हा रडू आलं.

आता आईचा प्रश्न. आईला सांग, त्याचं उत्तर मला तिथेच मिळालं.

प्रवेशाच्या मुलाखतीत मला विचारलं होतं : ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स’ आणि ‘आय लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स’ यांत फरक काय? माझ्या तुकडीत इंग्रजीतच वाढलेले चौघे होते. त्यांना चूक-बरोबर लगेच ऐकू यायचं, पण का ते सांगताना ते अडायचे, कारण त्यांना ते कधी शिकावंच लागलं नव्हतं. मी मात्र आठवी-नववीत घरी पडवीत बसून ते घोकलं होतं. मराठीत आपण ‘मी जेवलो’ आणि ‘मी जेवलोय’ यांत फरक करतो. ‘काल रात्री आठला जेवलो’ म्हणतो, तिथे सहसा ‘जेवलोय’ म्हणत नाही. कुणी पानावर बसायला सांगितलं की मात्र ‘नको, जेवलोय’ असंच तोंडातून निघतं, कारण गोष्ट झालेली असली तरी तिचा आताशी संबंध आहे. इंग्रजीतला तो ‘हॅव’ बऱ्याच ठिकाणी हेच काम करतो. पण सगळीकडे नाही, आणि तिथेच आपण पडतो. ‘दहा वर्षं इथे राहतेय’ हे आपल्याला चालू काळात दिसतं, म्हणून आपण ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ म्हणून बसतो. खड्डा कुठे आहे हे मला माहीत होतं, कारण मी त्यात पडून वर आले होते.

व्हिएतनामी भाषेत तर काळाप्रमाणे क्रियापद बदलतच नाही. काल, आज, उद्या, क्रियापद तेच. काळ दाखवायला वेगळे शब्द जोडतात, नाहीतर संदर्भावरून समजतं. म्हणून तिथल्या माणसाला ‘गो, वेन्ट, गॉन’ ही नुसती पाठांतराची कटकट वाटते. दुसऱ्या आठवड्यात मी फळ्यावर एक आडवी रेघ काढली, मधे ‘आता’ लिहिलं, आणि प्रत्येकाला आपल्या आयुष्यातली एकेक गोष्ट त्या रेघेवर लावायला सांगितली. मोटारसायकलवाला उठला, खडू घेतला, आणि ‘मी सात वर्षं गाडी चालवतोय’ ही रेघ त्याने ‘आता’पर्यंत ओढत आणली. मी त्या दिवशी अकरा मिनिटं बोलले.

मराठी शाळेतून आलेली मुलगी इंग्रजी शिकवू शकते. इंग्रजी आपण कष्टाने शिकलो आहोत, आणि तोच रस्ता विद्यार्थ्याला चालायचा आहे. मात्र आपलं इंग्रजी पक्कं हवं. सेल्टाला युरोपीय मोजपट्टीवर सी-वनच्या वरच्या टोकाचं किंवा सी-टूचं, म्हणजे सहा पायऱ्यांतल्या शेवटच्या दोन पायऱ्यांचं, इंग्रजी लागतं. प्रवेशाआधी लेखी काम देतात, मुलाखत घेतात आणि कच्च्यांना परत पाठवतात. इंग्रजी आणखी पक्कं करायला तुला वर्ष लागलं तरी ते वर्ष फुकट जाणार नाही.

दुसरी बाजूही तुझ्यापासून लपवत नाही. प्रमाणपत्र घेतल्यावर एका भाषाकेंद्रात मी नमुना पाठ दिला. पाठ आवडल्याचं सांगितलं, आणि मग पासपोर्ट पाहून म्हणाले, पालकांना गोरा चेहरा लागतो. फार लागलं मनाला. महिन्याभराने दुसऱ्या एका केंद्राने फक्त पाठ पाहून घेतलं आणि मी तिथे अडीच वर्षं टिकले. काही ठिकाणी तर हा भेद नियमातच आहे. दक्षिण कोरियाचा भाषाशिक्षकांचा नेहमीचा ई-२ व्हिसा इंग्रजी शिकवायला अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारत-कोरिया करारामुळे आपल्यासाठी एक अरुंद वाट आहे, पण त्यासाठी पदवीबरोबर शिक्षकाची अधिकृत पात्रता लागते. म्हणून तुझं बी.एड. कमी समजू नकोस. एजंटाच्या कागदापेक्षा त्याला जास्त वजन आहे.

आता एजंट. थायलंडला फिरायला जाण्याचा प्रवेश वेगळा आणि तिथे काम करण्याचा परवाना वेगळा. ‘आधी टुरिस्ट म्हणून जा, परवाना तिकडे करून देऊ’ असं जो म्हणतो त्याच्या दारातून परत फिर. थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली आपल्या शिकलेल्या मुलांना म्यानमारच्या हद्दीत नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं गेलं, आणि २०२२ साली परराष्ट्र मंत्रालयाला त्याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला. परदेशी नोकरीला माणसं पाठवणारा एजंट सरकारकडे नोंदलेला असावा लागतो. ‘ई-मायग्रेट’ या सरकारी पोर्टलवर त्याचा नोंदणी क्रमांक तपासता येतो. अशा एजंटाने उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढी मर्यादा आहे. त्याच्या अडीच लाखांतले किती कशाचे, ते कागदावर लिहून माग. नुसतं माग आणि बघ तो काय करतो.

मला विचारशील तर असं कर. सेल्टा आता पूर्ण ऑनलाइनही करता येतं, आणि त्यात समोरचे विद्यार्थी खरे असतात, ते सहा तास सुटत नाहीत. भारतातही काही शहरांत केंद्रं आहेत. मान्य केंद्रांची यादी केंब्रिजच्या संकेतस्थळावर मिळते. माझे तेव्हा शुल्क आणि महिन्याचं राहणं-खाणं धरून दीड लाखाच्या वर गेले, विमानभाडं वेगळं. घरून केलंस तर राहण्याचा आणि प्रवासाचा सगळा खर्च वाचतो. गावात रेंजसाठी सड्यावर चढावं लागत असेल, तर तो महिना कणकवलीत नातेवाइकांकडे राहा. पण पूर्णवेळ कोर्स असेल तर त्या महिन्यात शाळेची नोकरी, लग्नकार्य, आंबा उतरवणं यांतलं काहीही सोबत जमणार नाही. मी पाहिलंय, दुसऱ्या आठवड्यात माणसं सोडून जातात, आणि बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे, झोप कमी पडली म्हणून.

परदेशात जायचं ठरलंच, तर पदवी आणि प्रमाणपत्र साक्षांकित करून घ्यायला, पासपोर्ट कार्यालयातून पोलीस पडताळणीचा दाखला मिळवायला दोन-तीन महिने हाताशी ठेव. मी हे शेवटच्या आठवड्यात करायला गेले आणि मुंबईच्या चार फेऱ्या झाल्या.

मालवण तालुक्यातून एक आई विचारतात : मुलगा बारावी पास. तारकर्लीला पर्यटकांच्या बोटीवर असतो, परदेशी पाहुण्यांशी फाडफाड इंग्रजी बोलतो. त्याला हा कोर्स करून बाहेर शिकवायला जायचंय. पाठवू का?

वहिनी, कोर्सला बारावीवर प्रवेश मिळू शकतो. वय अठरा पूर्ण आणि पुढच्या शिक्षणाला पात्र असणं पुरतं, पदवीची सक्ती नाही. पण नोकरीच्या परवान्यासाठी व्हिएतनामसारखे देश पदवी मागतात. म्हणजे कोर्स होईल, पैसे जातील, आणि मुलगा पुन्हा तारकर्लीलाच येईल. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बोटीवरचं काम न सोडता पदवी करता येते. आधी ती.

त्याचं बोलणं ही खरी कमाई आहे. पण बोलता येणं आणि शिकवता येणं यांत फरक आहे. त्याला पोहता येतं. आता त्याने शेजारच्या एखाद्या मुलाला पोहायला शिकवून बघावं आणि पहिल्या दिवशी काय सांगितलं, काय सांगायचं राहिलं, ते मला लिहावं. मी त्या पत्राची वाट बघेन, मनापासून सांगते.

रत्नागिरीहून एक तरुण : माझं व्याकरण चांगलं आहे, पण उच्चार मराठी वळणाचे. ते गेल्याशिवाय अर्ज करू नये का?

अर्ज करा. तुम्ही इंग्रज वाटता का, हे कुणी तपासत नाही. समोरच्याला तुमचं बोलणं पहिल्या फटक्यात कळतं का, आणि तुमचं ऐकून विद्यार्थी स्पष्ट बोलायला शिकेल का, हे बघतात. त्यामुळे वळण राहू दे, अडथळे तेवढे काढा.

माझा अडथळा ‘व’ होता. ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम आणि ‘व्हेस्ट’ म्हणजे बंडी, माझ्या तोंडी दोन्ही एकच यायचे. विद्यार्थिनीने विचारलं तेव्हा मला स्वतःलाही फरक ऐकू येईना. आरशासमोर उभं राहा. ‘व्हेस्ट’ला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, ‘वेस्ट’ला ओठांचा चंबू होतो आणि दात कुठेच लागत नाहीत. मी पंधरा दिवस दात घासताना हेच केलं.

याहून मोठी गोष्ट आघाताची. मराठीत शब्दातली अक्षरं आपण साधारण सारख्या वजनाने टाकतो. इंग्रजी एका अक्षरावर जोर देते आणि बाकीची गिळते. ‘फोटोग्राफ’ मध्ये जोर पहिल्यावर, ‘फोटोग्राफर’ मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’ मध्ये तिसऱ्यावर. जोर चुकला की सोपा शब्दही समोरच्याला कळत नाही, आणि आपल्याला वाटतं त्याचेच कान कच्चे. शब्दकोशात जोराच्या अक्षराआधी वर एक छोटी उभी रेघ असते. नवा शब्द वहीत लिहाल तेव्हा अर्थाच्या आधी ती रेघ उतरवून घ्या.

राजापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतले एक गुरुजी लिहितात : माझं वय ४८. मला परदेशी जायचं नाही. दोन शिक्षकी शाळा, चौथीत अकरा मुलं. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलू नये असं आम्हाला एका प्रशिक्षणात सांगितलं. मी बोलत नाही, तर मुलंही बोलत नाहीत. त्या परदेशी कोर्समधलं काही आमच्या कामाचं आहे का?

गुरुजी, या वेळच्या सगळ्या पत्रांत तुमचं पत्र मी सर्वांत जास्त वेळा वाचलं.

‘वर्गात फक्त इंग्रजी’ हा आग्रह तुमच्या वर्गात का चालत नाही, ते आधी बघू. आजचे हे चार आठवड्यांचे कोर्स ज्यातून वाढले, तो पहिला कोर्स जॉन हेक्राफ्ट यांनी १९६२ साली लंडनच्या इंटरनॅशनल हाउस या भाषाशाळेत घेतला. तो दोनच आठवड्यांचा होता. लंडनच्या असल्या वर्गात एका बाकावर इटालियन, शेजारी जपानी, मागे अरब असे विद्यार्थी बसायचे. त्यांना समान अशी भाषाच नव्हती. शिक्षकाने भाषांतर करायचं ते कुठल्या भाषेत? म्हणून चित्रं, हावभाव, वस्तू, छोटे प्रश्न यांवर सगळं उभं राहिलं. ती त्या वर्गाची गरज होती. तुमच्या अकराही मुलांची भाषा एकच आहे, आणि तुमचीही तीच. ती दाराबाहेर ठेवायचं कारण मला दिसत नाही. नवीन खेळ समजावताना दोन वाक्यं मराठीत बोला आणि वाचलेली पाच मिनिटं मुलांना इंग्रजी बोलायला द्या. कोण किती मिनिटं बोललं याचं घड्याळ मात्र माझ्या प्रशिक्षिकेसारखं लावा. त्या कोर्समधून मी सगळं विसरले तरी ते घड्याळ विसरणार नाही.

आणखी एक. आपल्याकडे २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली, तेव्हापासून बाहेरचं काहीतरी आणून शिकवायचं असं आपल्या मनात बसलंय. पण या विषयातला जगभर अभ्यासला गेलेला एक प्रयोग आपल्याच देशात, साध्या शाळांत झाला. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतात तो केला, बंगळूर प्रकल्प म्हणून तो ओळखला जातो. व्याकरणाचा धडा न घेता मुलांना डोकं चालवायला लावणारं काम द्यायचं. नकाशा, दिनदर्शिका, रेल्वेचं वेळापत्रक. आधी तसलंच एक काम शिक्षकाने सगळ्या वर्गासोबत मोठ्याने बोलत करायचं, मग दुसरं प्रत्येकाने आपापलं. मुलाचं लक्ष उत्तर शोधण्यात असतं आणि भाषा त्या शोधात कानावर पडते, वापरली जाते.

मी हे कोकण रेल्वेच्या वेळापत्रकावर केलंय. माझी मुलं मोठी, पण चौथीला जमेल असं बेतून सांगते. फळ्यावर तीनच गाड्या आणि चारच स्टेशनं लिहा : राजापूर रोड, वैभववाडी रोड, कणकवली, कुडाळ. वेळा सोप्या करून घ्या. मग पहिली फेरी सगळ्यांसोबत : ‘व्हेन डझ द ट्रेन लीव्ह? व्हेन डझ इट रीच कुडाळ?’ मुलं सुरुवातीला नुसता आकडा सांगतील, ‘टेन’. चालेल. दुरुस्त करू नका, तुम्ही फक्त पूर्ण वाक्यात परत म्हणा, ‘येस, इट लीव्ह्ज ॲट टेन,’ आणि पुढे चला. मग खरं काम द्या. आजी कुडाळला आहे, जेवणाच्या आधी पोचायचंय, स्टेशन गावापासून लांब आहे, एसटीला एक तास लागतो. घरातून किती वाजता निघायचं? दोघादोघांना बसवा. इथे ती भांडतील, आणि भांडतील मराठीतच. भांडू द्या. उत्तर सांगायला फळ्याजवळ येतील तेव्हा इंग्रजीत सांगायचं, एवढीच अट.

माझ्या वर्गात एक खानोलीचा मुलगा दोन महिने तोंड उघडत नव्हता. वेळापत्रकाच्या दिवशी सगळ्यांचं उत्तर चुकलं, कारण एक गाडी त्या स्टेशनवर थांबतच नव्हती आणि ते फक्त त्याच्या लक्षात आलं होतं. तो उभा राहून म्हणाला, ‘नो स्टॉप! सर ट्रेन, मॅडम, नो स्टॉप!’ व्याकरण कुठेच नव्हतं, ‘सर’ आणि ‘मॅडम’ दोन्ही होते, पण अख्ख्या वर्गाने त्याचं ऐकलं आणि आपापली उत्तरं खोडली. त्यानंतर तो गप्प बसला नाही.

मी तयार केलेले कामाचे चार कागद संपादकांकडे ठेवले आहेत. गुरुजी, स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट पाठवा, ते तुम्हाला धाडतील. जूनच्या आधी पाठवलंत तर बरं, कारण कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्यांच्या वेळा बदलतात आणि सगळे प्रश्न नव्याने काढावे लागतात. अर्थात तेच दोन्ही तक्ते शेजारी शेजारी लावून, पावसात कुठली गाडी किती उशिरा पोचते आणि का, हे मुलांना शोधायला लावलंत, तर जुलैचेही दोन तास निघतील.